जीवाश्म उद्यानाची एका दिवसाची सहल: या चुका टाळा

जीवाश्म उद्यान म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर डायनासोरचा उभा सांगाडा येतो. प्रत्यक्षात समोर असते उजाड, उतरती, रंगीत मातीची जमीन आणि तिच्यात कुठेतरी दगड झालेला लाकडाचा ओंडका. याला कारण आहे. ऊन, वारा आणि पाऊस जिथे जमीन सतत खरवडत राहतात आणि झाडांना मूळ धरू देत नाहीत, तिथेच कोट्यवधी वर्षांपूर्वीचे थर उघडे पडतात. म्हणजे ज्यामुळे तिथे जीवाश्म दिसतात, त्याचमुळे तिथे सावली नसते, पाऊस पडला की माती निसरडी होते आणि कडे ढासळतात. हे ध्यानात न घेता आखलेली सहल दुपारपर्यंत चिडचिडीत संपते.

एक नाव म्हणजे एक ठिकाण, असं धरणं

ही चूक निघण्यापूर्वीच होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं ‘जॉन डे फॉसिल बेड्स’ घ्या. नाव एक, पण उद्यानाचे भाग तीन आणि तिन्ही एकमेकांपासून दूर. त्यातल्या ‘पेंटेड हिल्स’चे फोटो सगळ्यांत देखणे, म्हणून कुटुंबं थेट तिकडे जातात. तिथे टेकड्यांचे लाल-पिवळे पट्टे डोळ्यांचं पारणं फेडतात, पण जीवाश्मांचं संग्रहालय असतं ‘शीप रॉक’ या दुसऱ्याच भागात. मुलं विचारतात, “हाडं कुठायत?” आणि तोवर अर्धा दिवस सरलेला असतो.

ॲरिझोनातल्या ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’मध्ये वेगळी गंमत. उद्यानातून जाणारा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा. दगडी ओंडक्यांच्या गाजलेल्या पायवाटा बहुतेक दक्षिण टोकाकडे. उत्तरेकडून शिरलेली मंडळी प्रत्येक नजाऱ्याला गाडी थांबवत येतात आणि ओंडक्यांपाशी पोहोचेपर्यंत परतायची वेळ होते, कारण हे उद्यान रात्री बंद असतं.

यावर उपाय साधा आहे. डोळ्यांनी जीवाश्म दिसेल अशी एक पायवाट आधी हेरा आणि सकाळी संग्रहालयात डोकावून झालं की थेट तिथेच जा. बाकीचं जमलं तर जमलं. काही ठिकाणी मोठा भाग फक्त मार्गदर्शकासोबतच बघता येतो. कॅनडातल्या अल्बर्टामधलं ‘डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क’ तसं आहे. अशा फेऱ्यांच्या जागा आधी राखून ठेवाव्या लागतात, आयत्या वेळी मिळतीलच असं नाही.

“दीड किलोमीटर तर आहे!”

पायवाट छोटी म्हणून पाण्याची बाटली गाडीतच राहते. पण अंतराचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पेट्रिफाइड फॉरेस्टमधली ‘ब्लू मेसा’ची वाट जेमतेम दीड किलोमीटरची, पण सुरुवातीलाच तीव्र उतार. उतरताना मुलं धावत सुटतात. तोच चढ परतताना, तापलेल्या उन्हात, धाकट्याला कडेवर घेऊन चढायचा असतो. डोंगरावर दमणूक जाताना होते आणि परतणं सोपं जातं. इथे नेमकं उलटं, म्हणून कुणी कितपत दमलंय याचा अंदाज परत फिरण्याआधीच घ्यायला हवा. आधी उतरणाऱ्या वाटेवर अर्धं पाणी संपायच्या बरंच आधी मागे फिरा.

समुद्रसपाटीपासूनची उंचीही बघा. कोलोरॅडोतलं ‘फ्लोरिसंट’ अडीच हजार मीटरच्या वर आहे. तिथल्या सपाट वाटेवरही धाप लागते, डोकं दुखतं. उन्हाळ्यात दुपारी तिथे गडगडाटी वादळं होतात, म्हणून चालायचं ते सकाळीच. ढग गडगडले की झाडाखाली न थांबता गाडी गाठायची.

टोपी, पूर्ण बाह्यांचा कपडा आणि चांगली पकड असलेले बूट सोबत हवेतच, चपला नकोत. यावर अधिक लिहायची गरज नाही.

मुलांना काय शोधायचं ते न सांगणं

माझ्या मते सहल फसते ती इथे. जीवाश्म ओळखायला नजर तयार असावी लागते. दगड झालेल्या डायनासोरच्या अंड्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, तर तो साधा गोल गोटा वाटतो. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला अशी अंडी खडकात आहेत. माहीतगार सोबत नसेल तर त्यांच्यावरून नजर सरळ निघून जाते.

म्हणून आधी संग्रहालय, मग पायवाट. उलट क्रम लावू नका. काचेआड नीट पाहिलेली गोष्ट मुलं बाहेर पटकन ओळखतात. शिवाय सगळ्यांना मिळून “जीवाश्म शोधा” असं मोघम सांगण्याऐवजी एकेकाला एकेक काम द्या: एकाने लाकडातली वर्षवलयं शोधायची, दुसरीने सालीचा खडबडीतपणा, तिसऱ्याने मातीचे किती रंग दिसतात ते मोजायचं. दगडी ओंडके करवतीने कापल्यासारखे तुकड्या-तुकड्यांत पडलेले दिसतात. ते कुणी कापले, हा प्रश्न मुलं विचारणारच. कुणीच नाही. लाकडाच्या जागी सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, भरून त्याचं क्वार्ट्‌झ झालं. ते कठीण असलं तरी ठिसूळ असतं आणि जमिनीच्या ताणाने आडवं तडकतं. फ्लोरिसंटला मात्र एका प्रचंड दगडी बुंध्यात माणसांनी चालवलेल्या करवतीची तुटलेली पाती आजही अडकलेली आहेत! बुंधा हलला नाही.

पाऊलखुणा आणि पानांचे ठसे बघायचे असतील तर सकाळ किंवा सायंकाळ निवडा. तिरप्या उन्हात खाचांमध्ये सावल्या भरतात आणि आकार उठून दिसतो. डोक्यावर ऊन आलं की तोच खडक सपाट वाटतो. फोटो चांगला यावा म्हणून ठशावर पाणी ओतणं किंवा खडूने रेघा ओढणं मात्र नको. हाड की दगड हे जिभेला चिकटतं का त्यावरून पाहायची क्षेत्रकाम करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. ती मुलांना सांगितलीत, तर दिवसभर दगड चाटणाऱ्यांची जबाबदारी तुमची.

“एवढासा तुकडा घेतला तर काय होतं?”

पेट्रिफाइड फॉरेस्टमधून नेलेले तुकडे लोक वर्षांनंतर पश्चात्तापाच्या पत्रांसह परत पाठवतात. ते मूळ जागी ठेवता येत नाहीत, कारण ती जागाच कुणाला ठाऊक नसते. त्यांचा वेगळा ढीग झाला आहे. जीवाश्माचं मोल त्याच्या जागेत असतं: तो कोणत्या थरात होता, शेजारी काय होतं, त्यावरून त्याचं वय आणि भोवतालचं जग कळतं. खिशात गेला की तो नुसता दगड.

मुलाला काही सापडलंच, तर हात न लावता शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, एक फोटो आजूबाजूच्या खुणा दिसतील असा घ्या, फोनवर ठिकाण नोंदवा आणि कार्यालयात सांगा. दक्षिण डकोटातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीने असंच कळवलं आणि तिथे तलवारदंती मांजरासारख्या प्राण्याची कवटी निघाली.

नियम सगळीकडे एकसारखे नसतात. इंग्लंडमध्ये चारमथच्या किनाऱ्यावर वाळूत सुटे पडलेले जीवाश्म उचलायची मुभा आहे, तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत खडासुद्धा नेता येत नाही. हा फरक मुलांना गाडीतच सांगून ठेवा. फाटकापाशी खिसे रिकामे करायला लावलं की भोकाड ठरलेलं.

बेत बिघडला तर

पाऊस आला तर चिकणमातीच्या वाटा सोडून द्या. बॅडलँड्ससारख्या भागांत बेंटोनाइट ही माती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी घसरते. वाटेबाहेर चिखलात पडलेलं पाऊल वाळून बराच काळ तसंच राहतं, म्हणून तिथे “जरा कडेने जाऊ” हाही पर्याय नाही. अशा वेळी संग्रहालयात जा, नाहीतर फळ्यांच्या किंवा डांबरी वाटा असतील तर त्यांवर फिरा.

मुलं कंटाळली तर तिसरी पायवाट रद्द करा. “इतक्या लांब आलोय तर” हा हट्ट मोठ्यांचा असतो.

आणि उद्यान समुद्रकाठी असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. कॅनडातलं जॉगिन्स हे जगातल्या सर्वांत मोठ्या भरतीसाठी प्रसिद्ध असलेल्या फंडीच्या उपसागरावर आहे. पाणी ओसरत असताना चालायला सुरुवात करा, पाणी चढू लागण्याआधी परत फिरा आणि डबा खायला कड्याच्या सावलीत बसू नका. जीवाश्म खाली येतात ते कडा कोसळूनच.