इंग्लिश समजतं पण बोलता येत नाही? या चुका टाळा

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही २००० सालापासून पहिलीपासून इंग्लिश आहे. म्हणजे लालबागचा, डोंबिवलीचा, विरारचा कुठलाही पंचविशीतला मुलगा घ्या, दहावीपर्यंत दहा वर्षं तरी इंग्लिश शिकलाय, ऑफिसचे मेल वाचून त्याला सगळं कळतं, आणि तरी बीकेसीतल्या मीटिंगमध्ये कोणी "व्हॉट डू यू थिंक?" विचारलं की तो खाली वहीत बघायला लागतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण इंग्लिश त्याला येत असतं, फक्त तोंडाला सवय नसते.

आणि मुंबईत ती सवय लागत नाही याचं मोठं कारण माझ्या मते हिंदी आहे. रिक्षावाला, बँक, शेजारच्या डेस्कवरचा माणूस, सगळीकडे हिंदीत निभतं. त्यामुळे इंग्लिशमध्ये एक शब्द अडला की आपण "मतलब..." म्हणत हिंदीवर येतो, समोरचाही येतो, आणि वाक्य अर्धंच राहतं. खरी प्रॅक्टिस ते वाक्य पूर्ण करण्यातच होती. शब्द आठवत नसेल तर त्याच्याबद्दल सांगा, "स्टेपलर" सुचत नाही ना, मग "द थिंग फॉर पिनिंग पेपर्स" म्हणा, समोरच्याला कळतं आणि बहुतेक वेळा तोच शब्द पुरवतो.

दुसरी चूक म्हणजे मनात अख्खं मराठी वाक्य तयार करून मग त्याचं इंग्लिश करत बसणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, "मी काल क्लायंटला नवीन रेट पाठवले", आणि इंग्लिशला ते "आय"च्या लगेच मागे हवं असतं. म्हणजे वाक्य सुरू करायलाच आपल्याला मराठी वाक्याचा शेवटचा शब्द लागतो, म्हणून "आय... यस्टरडे... क्लायंट..." असं होतं आणि घाम फुटतो. लोक याला घाबरटपणा समजतात, पण अर्धी अडचण या उलट्या क्रमाचीच असते. उपाय असा की कोणी आणि काय केलं एवढंच आधी बोलून टाका, "आय सेंट", "शी कॉल्ड", "वी नीड", मग बाकीचं मागून जोडा: "आय सेंट द न्यू रेट्स... टू द क्लायंट... यस्टरडे." मध्ये थांबलात तरी चालतं, वाक्य तुटत नाही. घरी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना दिवसभरात काय झालं ते असं मोठ्याने बोला. मनातल्या मनात नको, जीभ हलली पाहिजे. घरचे हसले तर त्यांना स्पष्ट सांगा की नका हसू, कारण "आली मोठी इंग्लिशवाली" या एका वाक्याने कित्येक मुली गप्प झाल्यात.

ग्रामरच्या सगळ्या चुका एकदम सुधारायला जाऊ नका. एका वेळी एकच धरा. "आय डिडन्ट वेन्ट" होतंय ना, मग हा आठवडा फक्त त्याचाच: "डिड" आलं की पुढे "गो", "सी", "टेक".

अमेरिकन ॲक्सेंट काढायची काहीच गरज नाही, मराठी वळण राहिलं तरी बिघडत नाही. पण जोर कुठे द्यायचा ते शिका, कारण न समजण्याचं कारण बऱ्याचदा तिथे असतं. "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या "फो"वर आणि "फोटोग्राफर"मध्ये तो सरकून "टॉ"वर जातो. आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणतो, त्यात घाबरून स्पीड वाढवतो, मग समोरचा "सॉरी?" म्हणतो आणि आपल्याला वाटतं आपलं इंग्लिशच चुकलं. स्पीड कमी करा, बस.

न समजता "यस सर, यस सर" करणं मात्र महागात पडतं, काम चुकतं आणि मग बोलणी बसतात. "सो यू वॉन्ट इट बाय फ्रायडे, राइट?" असं ऐकलेलं परत विचारा, यात कमीपणा नाही, चांगले मॅनेजरही हेच करतात.

इंटरव्ह्यूसाठी लोक "मायसेल्फ अमुक तमुक"पासून पूर्ण पॅरेग्राफ पाठ करतात, तो एका उलट प्रश्नात कोसळतो. "आय ॲम" म्हणा आणि पाठ करायचंच तर फक्त मुद्दे करा: काय शिकलात, आत्ता काय काम करता, कुठला प्रॉब्लेम स्वतः सोडवलात. प्रत्येक मुद्द्यावर मोबाइलमध्ये मिनिटभर रेकॉर्ड करा, ऐका, मग तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा बोला. इंटरव्ह्यू उद्याच असेल तर नवीन शब्द अजिबात शिकू नका, त्या तिसऱ्या मुद्द्यावरच जास्त वेळ द्या, कारण उलट प्रश्न बहुतेक तिथूनच येतात.