फेणीत डीएनए दिसत नाही: जेनेटिक्सवाल्याने लोकांशी बोलायचं कसं

जेनेटिक्समध्ये पीएचडी झाली आणि आता लोकांना विज्ञान सांगायचंय? पहिलं पीपीटी बंद करा. मी गोव्यात साखळीला एका हॉलमध्ये 40 स्लाईड घेऊन गेलेलो, तिसऱ्या स्लाईडलाच मागच्या बायका चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळांचं, बोलायला लागल्या. तेव्हा राग आला, घरी येताना बसमध्ये कळलं की विषय त्यांनीच दिला होता.

म्हणून सुरुवात फळापासून. मानकुराद आंब्याची बाठ (कोय) लावली तर तसाच मानकुराद लागेल ह्याची गॅरंटी नाही, कलमच लागतं, हे कुळागरवाल्याला, म्हणजे बागायतदाराला, तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की बाठीत दोन झाडांची जीन्स मिसळतात आणि कलम म्हणजे त्याच झाडाची कॉपी, क्लोन समजला.

मग डेमो. पिकलेलं केळं कुस्करा, पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर भांड्यांचं लिक्विड, फेस न करता ढवळा, गाळा, आणि फ्रीजरमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल ग्लासच्या कडेने अगदी सावकाश सोडा. शेवयांसारखे पांढरे तंतू वर येतात, पोरं उठून पुढे येतात. "फेणी चालेल?" हे कोणीतरी विचारतंच. नाही चालत बाबा, फेणीत अल्कोहोल साधारण 42-43 टक्के, डीएनए पाण्यातून नीट बाहेर पडायला बरंच कडक लागतं.

खरा कस आजाराबद्दल बोलताना. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई-बाप दोघंही त्याचे कॅरियर असतील, म्हणजे एक जीन चांगलं आणि एक बिघडलेलं, तर दर गरोदरपणात बाळ आजारी असण्याची 25 टक्के शक्यता. लोकांना ऐकू येतं चारातलं एक, म्हणजे पहिलं आजारी निघालं की पुढची तीन सुटली! नुसतं समजावून उपयोग नाही, दोन नाणी टाकायला लावा, एक आईचं एक बापाचं, काटा म्हणजे बिघडलेलं जीन, दोन्ही काटे पडले तर बाळ आजारी, परत टाका, परत टाका, मागच्या वेळी काय पडलं ते नाण्याला कुठे माहितीये.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला रिक्षाभाडं आणि शाल-श्रीफळ, तेव्हा लॅब सोडू नका. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन, शाळांना वक्ता हवाच असतो, डिसेंबरातच हेडमास्तरांना भेटून ठेवा.

आणि कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी रिपोर्ट घेऊन बाजूला बोलावतं, "सर, जरा बघतात?" बघू नका, डॉक्टरकडे पाठवा. मी एकदा बघितला, "काही नसेल" म्हणालो, ती बाई हसत गेली, आणि मी तीन रात्री तो कागद आठवत बसलेलो.