गणपतीत लावायच्या जुन्या कॅसेटची डिस्क: चौकट बिघडू नये म्हणून तयारीची यादी

चाकरमानी घरी आले की जुन्या लग्नाची डिस्क निघतेच, आणि ५५ इंची टीव्हीवर नवरा-नवरी बसक्या माठासारखी दिसतात. कॅसेट बिचारी ठीक असते. डिस्क करताना चौकटीची खूण, म्हणजे चित्र किती रुंद दाखवायचं हे सांगणारी नोंद, चुकलेली असते.

पहिलं काम पावसाआधीचं. कॅसेटच्या खिडकीतून टेपची कड बघा. पांढरी भुरी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. कोकणच्या हवेत हे हमखास होतं. चांगल्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कॅप्चर करण्याआधी (टेपवरचं कॉम्प्युटरमध्ये घेण्याआधी) प्रत्येक टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा.

मग प्रत्येक कॅसेटची जात ठरवा. इथे घाई नको, पुढचं सगळं यावरच उभं आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं असतं, मग ते ४:३ (जुन्या डबा टीव्हीची चौकट) असो की १६:९ (नव्या रुंद टीव्हीची). बिंदू तेवढेच, ते किती रुंद पसरायचे हे फक्त एक खूण सांगते. म्हणून अंदाजाने बघू नका, मोजा. माजघरातलं भिंतीवरचं घड्याळ किंवा समोरून दिसणारं पखवाजाचं तोंड सापडेल तिथे चित्र थांबवा आणि पडद्यावर पट्टी लावा. उंची १० सेंटीमीटर असताना रुंदी साडेसात भरली, तर १६:९ चं चित्र ४:३ समजून दाखवलं जातंय. १३.३ भरली तर उलट झालंय. पावणेदहा किंवा सव्वादहा भरली तर वाद घालू नका. ७२० आणि ७०४ बिंदूंच्या हिशेबात दोनेक टक्क्यांचा फरक राहतोच.

व्हीएचएसवरची घरगुती शूटिंग जवळपास सगळी ४:३ असतात. ती ४:३ च ठेवा, नव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळं दिसेल ते दिसू द्या. पडदा भरायचा म्हणून वरखाली कापलंत तर उंचीचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे मखरातल्या गणपतीचा मुकुट तरी जातो नाहीतर पाट तरी. तळाशी आठ-दहा ओळी फाटल्यासारख्या वळवळत असतील तर त्या कापून चित्र ताणू नका, त्यांच्यावर काळी पट्टी टाका. आकार बदलत नाही आणि त्या वळवळीवर बिटरेटही (सेकंदाला मिळणारी डेटाची जागा) वाया जात नाही.

मिनी डीव्हीवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) खऱ्या वाईडस्क्रीनमध्ये घेतलेलं शूटिंग जुन्या टीव्हीवर उभट, काटकुळं दिसतं. त्यात बिंदू हलवायचे नाहीत, फक्त खूण १६:९ करायची. फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलने) घ्या, तासाला साधारण १३ जीबी जागा ठेवा. हळद ४:३ मध्ये आणि लग्न १६:९ मध्ये अशी मिसळ असेल तर फाइल तिथेच तोडा, नाहीतर सॉफ्टवेअर पहिली खूण धरून पुढचं सगळं तसंच रेटतं.

खरी कटकट तिसऱ्या जातीची: ४:३ च्या चौकटीतच वरखाली काळ्या पट्ट्या. हिशेबाने वर ७२, खाली ७२ ओळी काळ्या आणि मधल्या ४३२ चित्राच्या. व्हीएचएसवर पट्ट्या सरकलेल्या असतात, तेव्हा आधी मोजून घ्या; तारीख खालच्या पट्टीत छापलेली असेल तर कापताना तीही जाईल. नुसतं कापून ४३२ च्या ५७६ ओळी करू नका. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येकीत एकाआड एक ओळींची दोन फील्ड, आणि त्यांच्यात एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. उभं ताणलं की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि आरतीत हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटतात. म्हणून आधी डीइंटरलेस करून (प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम बनवून) सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम करा, मग कापा, ताणा आणि परत इंटरलेस करा (फ्रेमची पुन्हा फील्ड करा). फील्डचा क्रम तपासा: डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, अॅनालॉग कार्डावर (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या) बहुधा वरचं. क्रम उलटला की हालचाल पुढेमागे हिसके देते. खरं सांगायचं तर या सगळ्याने तपशील रतीभर वाढत नाही. टीव्हीच्या झूमनेही तेच होतं, पण तो झूम रिमोटवर शोधणार कोण?

एका डिस्कवर ४:३ आणि १६:९ दोन्ही घ्यायचे तर वेगळे टायटल सेट (डीव्हीडीवरचे व्हिडिओचे गट) करावे लागतात. एका सेटमध्ये एकच चौकट चालते. सलग वाजायला हवं असेल तर ४:३ चं चित्र आडवं ५४० बिंदूंवर आणून दोन्हीकडे ९० बिंदू काळे ठेवा. आडव्या दाबण्याने फील्ड बिघडत नाहीत. मात्र गावच्या घरी जुना डबा टीव्ही असेल तर त्यावर चारही बाजूंनी काळं दिसेल.

खूण दोन ठिकाणी असते, एक व्हिडिओच्या आत आणि दुसरी आयएफओ फाइलमध्ये (डीव्हीडीवरची प्लेअरला माहिती देणारी फाइल). लॅपटॉपवर बरोबर आणि प्लेअरवर चुकीचं दिसलं तर संशय दुसरीवर घ्या. आयएफओ दुरुस्त करायला व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा (नव्याने बनवावा) लागत नाही.

४.७ जीबीच्या डिस्कवर ९० मिनिटांना सेकंदाला साडेसहा मेगाबिट बसतं, दोन तासांना पावणेपाच. तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर घाला. अमेरिकेहून आलेली एनटीएससी (तिकडची टीव्ही पद्धत) कॅसेट पालमध्ये बदलू नका, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर त्या पद्धतीची डिस्क तशीच वाजवतात.

बर्न केलेली डिस्क आधी त्या घरच्या टीव्हीवर लावा आणि चित्राचा आकार ‘ऑटो’वर आहे ना ते बघा. कोणीतरी तो ‘वाईड’वर करून ठेवलेला असतो.