वल्हं मारायला निघण्याआधी सनस्क्रीन कसं लावायचं

रोइंग शिकायला पाण्यावर येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी आधी विचारते, पोहता येतं का? आणि लगेच दुसरा प्रश्न, सनस्क्रीन आणलंय का? बहुतेकांच्या बॅगेत ट्यूब असते. आईने घेऊन दिलेली. दोन महिन्यांनी पाहिलं तरी ती भरलेलीच असते. रोज सराव करणाऱ्याला ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर तो सनस्क्रीन लावत नाही, नुसतं चोपडल्यासारखं करतो.

पुण्यात संगमाजवळ, खडकवासल्याच्या बॅकवॉटरवर, पानशेतला, इतकी वर्षं पाण्यात काढल्यावर काही सल्ले मला आता ऐकवत नाहीत. ‘खोबरेल तेल लावून जा’ हा त्यातला पहिला. तेलाने कातडी मऊ राहते, ऊन अडत नाही. ‘आपण सावळे, आपल्याला काय होतंय’ हा दुसरा. सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं हे खरं, पण गालांवर उठणारे वांगाचे डाग आपल्याकडेच जास्त दिसतात आणि एकदा उठले की वर्षानुवर्षं हटत नाहीत. तिसरा, ‘पाण्यामुळे ऊन दुप्पट लागतं.’ हेही चूक. पाण्यावरून अतिनील किरण दहा टक्क्यांहून कमीच परततात. पाण्यावर जास्त भाजतं त्याची कारणं वेगळी आहेत. सावली कुठेच नसते, लावलेलं धुऊन जातं, आणि वाऱ्यामुळे अंग गार राहतं म्हणून भाजतंय हे कळतच नाही. ढग आले म्हणून निर्धास्त होऊ नका, पातळ ढगांतून हे किरण बऱ्यापैकी खाली येतात.

वेळ सावलीवरून ठरवा. तुमची सावली तुमच्याहून आखूड झाली की ऊन कडक झालं समजा. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत सकाळी साडेनवाच्या आधीच सावली आखूड झालेली असते. डिसेंबरात मात्र भर दुपारी जेमतेम दोन-अडीच तास तशी होते. म्हणून उन्हाळ्यात सहाला बोट पाण्यात आणि नवाला बाहेर. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी माजते, ती बाजूला करण्यात अर्धा तास जातो, तोही हिशेबात धरा.

कपडे आधी, सनस्क्रीन नंतर. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा, यूपीएफ ५० चा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा ताणला जाणारा शर्ट, घ्या. यूपीएफ हा कापड किती ऊन अडवतं याचा आकडा, ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासातला एकच भाग आत येतो. ओला पांढरा सुती टी-शर्ट यात धरू नका, ओला झाला की तो ऊन आत सोडतो. आणि ढगळ काही घालू नका. स्ट्रोक संपताना वल्ह्याची मूठ पोटाशी येते, तेव्हा अंगठा शर्टात अडकतो. रॅशगार्ड एकदा घेतला की दोन-तीन वर्षं टिकतो, आणि पाठ, खांदे, दंड यांच्यावरचं सनस्क्रीन वाचतं.

गॉगलवर यूव्ही ४०० लिहिलेलं पाहा, म्हणजे अतिनील किरण अडतात. पोलराइज्ड म्हणजे फक्त चमक कमी, किरण अडतीलच असं नाही. दोरी बांधा.

आता चेहरा आणि हात. सगळी मेख इथेच आहे आणि इथेच लोक सनस्क्रीन सोडून देतात.

दापोडीला सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, २००० मीटरच्या रोइंगच्या पाणमार्गावर मी एकदा कपाळभर भरपूर लोशन थापून उतरले होते. हजार मीटरपर्यंत ठीक. मग घाम सुटला आणि लोशन भुवयांवरून थेट डोळ्यांत उतरलं. दोन्ही हात वल्ह्यांवर, पुसायचं कशाने? शेवटचे पाचशे मीटर मी डोळे मिटून, फक्त आवाजावर स्ट्रोक मारले. त्यात तळव्यांना राहिलेल्या थरामुळे मूठ सरकत होती, म्हणून मी ती इतकी आवळली की किनाऱ्याला येईपर्यंत मनगटं दगड झाली होती. त्यानंतर पूर्ण एक मोसम मी काहीच लावलं नाही. त्याची खूण माझ्या उजव्या गालावर आजही आहे. म्हणून सांगते, सोडू नका, लावायची पद्धत बदला.

लोशन पाण्यात उतरण्याच्या वीस मिनिटं आधी, कोरड्या अंगावर लावायचं. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, अडवतं, ५० चं सुमारे ९८. त्यामुळे मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पुरेसं लावा. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेले असतात. घरच्या मापात सांगायचं तर चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ. यूव्हीएसाठी, म्हणजे कातडीत खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांसाठी, ट्यूबवर ‘पीए’पुढची अधिकाची चिन्हं पाहा, तीन किंवा चार हवीत.

ही रेघ बोटांवर काढून माप एकदा डोळ्यांत बसलं की पुढे लोशन बोटांवर घेऊ नका. डाव्या हाताच्या पाठीवर घ्या आणि दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर घासा. मग त्या पाठींनीच गाल, नाक, हनुवटी, मान. पहिले चार दिवस मांजर तोंड पुसतंय असं वाटेल, मग सवय होते. तळव्यांना थेंब लागता कामा नये. लागलाच तर नुसत्या पाण्याने जात नाही, कारण ते पाण्यात टिकण्यासाठीच बनवलेलं असतं. भांड्यांचा साबण लावून धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. माझ्या बॅगेत साबणाची वडी कायम असते.

कपाळावर लोशन अजिबात नको. भुवयांच्या वर, पापण्यांच्या खाली आणि नाकाच्या दांड्यावर झिंक ऑक्साइडची घट्ट कांडी फिरवा. ती मेणासारखी बसते, घामाबरोबर खाली येत नाही. पांढरी दिसते, दिसू दे. वर आतून घामपट्टी असलेली टोपी, पट्टी भुवयांच्या जरा वरच. रोइंगमध्ये आपलं तोंड बोटीच्या मागच्या टोकाकडे असतं, म्हणजे सकाळी बोट पश्चिमेकडे निघाली की सूर्य समोर. परतताना तोच मानेवर. तेव्हा दोन्ही बाजू सारख्या जपा.

ओठांना एसपीएफ असलेला लिपबाम, तोही कांडीचा. मुळा-मुठेचं पाणी लागलेलं बोट तोंडाशी नेऊ नका.

विसरायच्या जागा ठरलेल्या आहेत : कानांच्या पाळ्या, केसांचा भांग, पावलांची वरची बाजू आणि मांड्या. मांड्यांकडे कुणाचंच लक्ष नसतं. बसून वल्हं मारताना त्या तासभर छपरासारख्या उन्हाला तोंड करून असतात. गुडघ्यांच्या वर चार बोटं तर हमखास भाजतात. शॉर्ट्सची किनार वर सरकते हे धरून तिच्या आतपर्यंत लावा.

पुन्हा लावायचं दर दोन तासांनी, आणि बोट उलटून भिजलात तर वेळ न पाहता लगेच. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे कायमचं नव्हे. वेष्टनावर बहुधा ४० किंवा ८० मिनिटं लिहिलेली असतात, अंग पाण्यात किंवा घामात भिजलेलं असेल तर तेवढीच. आधी टॉवेलने टिपा, घासू नका, मग लावा. बोटीत बसल्या बसल्या फक्त कांडी वापरा, ट्यूब उघडू नका.

ट्यूब जेट्टीवर उन्हात टाकू नका, खराब होते. ओल्या टॉवेलात गुंडाळा.

घरी आल्यावर फेसवॉशने दोनदा धुवा. काळवंडलं म्हणून लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर फोड आणि डाग दोन्ही येतात, माझ्याकडच्या एका मुलीच्या हातावर बोटांचे ठसे उमटावेत तसे डाग दोन महिने होते. भाजलंच तर गार पाण्याच्या पट्ट्या आणि साधं मॉइश्चरायझर. फोड आले किंवा ताप चढला तर डॉक्टरकडे.

आणि रात्री आरशासमोर एकदा उभे राहा. जिथे रापल्याची रेघ दिसेल तिथे आज लागलं नव्हतं. उद्या ट्यूब उघडल्यावर पहिला थेंब तिथे.