नासचा इलमॅटिक पहिल्यांदा ऐकायचाय? मग असा ऐका

हिप-हॉप नवीन असेल आणि कोणी सांगितलं की अरे रॅपर नासचा इलमॅटिक हा अल्बम ऐक, तर बहुतेक जण काय करतात, फोनच्या स्पीकरवर लावतात, एकीकडे मेसेज चालू, तिसऱ्या गाण्यापर्यंत येतात आणि म्हणतात ठीक आहे, फास्ट बोलतोय, काही कळलं नाही. विषय संपला. मला हे मनापासून वाईट वाटतं, कारण अख्खा अल्बम जेमतेम ४० मिनिटांचा आहे आणि नीट ऐकला तर पुढची कित्येक वर्षं पुरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पहिल्यांदा ऐकताना शब्द समजून घ्यायच्या मागे लागू नका. लिरिक्स उघडून बसू नका. १९९४ सालच्या न्यूयॉर्कच्या गल्लीतली भाषा आहे, ती तिथल्याच दुसऱ्या भागातल्या माणसालाही सगळी कळत नसेल, आणि तुम्ही वाचत बसलात की कान बंद होतात. पहिल्या वेळी फक्त आवाज ऐकायचा, म्हणजे नासचा आवाज बीटवर, म्हणजे मागे वाजणाऱ्या संगीतावर, कुठे पडतो, कुठे थांबतो, श्वास कुठे घेतो, एवढंच. शब्दांना दुसरी वेळ आहे.

आता तयारी. हेडफोन किंवा बरे स्पीकर लागतीलच, फोनच्या स्पीकरमधून बेस येतच नाही आणि या अल्बममध्ये बेस गेला की अर्धं गाणं गेलं. शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करणारी सेटिंग, चालू असेल तर तीही बंद करा, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या डोक्यावर येऊन बसतो. बेस बूस्ट वगैरे काही लावू नका. आणि स्ट्रीमिंगवर एक गोष्ट बघा, या अल्बमच्या वाढीव आवृत्त्या आहेत, १० वर्षांची, २० वर्षांची, त्यात मागे रीमिक्स आणि काय काय जोडलेलं असतं. मूळ अल्बम दहाच ट्रॅकचा. दहावा संपला की थांबा. शिव्या कापलेली क्लीन आवृत्ती पण टाळा, त्यात जागोजागी आवाज गायब होतो आणि लय तुटते. शिव्या आहेत, बंदुका आहेत, ड्रग्ज आहेत, हे माहीत असू द्या आणि ज्यांच्यासमोर लावायला नको त्यांच्यासमोर लावू नका.

माहिती किती वाचून जायची? अगदी थोडी. नास म्हणजे नासिर जोन्स, क्वीन्सब्रिज हाउसेसमध्ये वाढलेला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही सरकारी घरांची प्रचंड वसाहत, १९३९ च्या सुमारास उभी राहिलेली, तीन हजारांवर फ्लॅट. १९ एप्रिल १९९४ ला अल्बम आला तेव्हा पोरगा २० वर्षांचा होता. त्याच्या दोन वर्षं आधी त्याचा जिवलग मित्र विल ग्रॅहम, ज्याला सगळे इल विल म्हणायचे, गोळी लागून मेला. बास. एवढं डोक्यात ठेवा आणि प्ले करा.

पहिला ट्रॅक, द जेनेसिस, हे गाणं नाहीच. ट्रेनचा खडखडाट आहे, हिप-हॉपवरच्या १९८३ च्या वाइल्ड स्टाइल नावाच्या पिक्चरमधले आवाज आहेत, मागे नासचाच १९९१ चा एक जुना व्हर्स, म्हणजे रॅपचं कडवं, वाजतोय आणि पोरं आपापसात बोलतायत. खूप जण हा स्किप करतात. करू नका, तुम्हाला त्या वसाहतीत नेऊन सोडायचं काम हाच ट्रॅक करतो.

मग येतं एन वाय स्टेट ऑफ माइंड आणि इथे सगळं सोडून लक्ष द्या. सुरुवातीला बेस येतो, मग ड्रम, आणि मग पियानोचा एक छोटासा तुकडा, जो पूर्ण गाणंभर परत परत येतो, आणि तो ऐकून चुकीच्या गल्लीत शिरल्यासारखं वाटतं. या गाण्याचा बीट बनवणाऱ्या डीजे प्रीमियरने हा तुकडा जो चेंबर्स या जॅझवाल्याच्या रेकॉर्डमधून उचललाय. नास सुरुवातीला एक-दोन वाक्यं टाकतो आणि मग चक्क म्हणतो की हे सुरू कसं करू कळत नाहीये, आणि पुढच्या क्षणाला सुटतो ते थांबतच नाही. प्रीमियरने नंतर सांगितलंय की तो पहिला व्हर्स एकाच टेकमध्ये, म्हणजे एका दमात रेकॉर्ड, झाला. आता इथे कान कुठे ठेवायचा ते सांगतो. ओळीच्या शेवटी यमक तर सगळेच जुळवतात, नास ओळीच्या पोटात दोन-दोन तीन-तीन ठिकाणी जुळवतो, आणि वाक्य ओळीच्या टोकाला संपवत नाही, पुढच्या ओळीत ओढून नेतो. शब्द कळला नाही तरी हे ऐकू येतं. एकदा ऐकू आलं की मग ऐकू येणं बंद होत नाही.

लाइफ्स अ बिचमध्ये दुसरा आवाज येतो तो एझेडचा, अख्ख्या अल्बमवर पाहुणा रॅपर म्हणाल तर हा एकच. शेवट कापू नका, तिथे कॉर्नेट वाजते आणि ती वाजवणारा आहे ओलू दारा, नासचे वडील, जॅझ आणि ब्लूजमधला माणूस. मला विचाराल तर त्या शेवटासाठी गाणं पुन्हा लावावं इतका तो सुंदर आहे.

हाफटाइम हे पाचवं गाणं संपलं की दोन मिनिटं थांबलात तरी चालेल. कॅसेटची पहिली बाजू इथेच संपायची. दोन्ही बाजूंना नावं पण आहेत, एक फोर्टीएथ साइड नॉर्थ आणि दुसरी फोर्टी-फर्स्ट साइड साउथ, वसाहतीतल्या रस्त्यांवरून. म्हणजे अल्बमची रचनाच दोन भागांची आहे. दुसऱ्या बाजूला वन टाइम फोर युअर माइंड जरा सैल आहे, माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात साधं गाणं, पण वन लव्ह या गाण्यानंतर ते लागतंच, नाहीतर दम लागतो.

दुसरी वेळ लगेच नको, एक दिवस जाऊ द्या. आता लिरिक्स घ्या. पण दहाच्या दहा गाण्यांचे अर्थ शोधत बसलात तर अभ्यास होतो आणि मजा जाते, त्यामुळे एकच गाणं घ्या, वन लव्ह. हे गाणं म्हणजे तुरुंगात असलेल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत, बाहेर काय चाललंय, घरचे कसे आहेत, कोण मेलं, कोण बदललं. आणि तिसऱ्या व्हर्समध्ये पत्र बाजूला पडतं आणि नास स्वतः वसाहतीत एका बाकावर बसलेला असतो, सोबत १२ वर्षांचा पोरगा, धंद्यात पडलेला, हातात बंदूक. नास त्याला समजावतो. आता आपल्याला वाटतं की तो म्हणेल हे सोड, शाळेत जा. तसं म्हणत नाही. म्हणतो गर्दीत गोळ्या झाडू नकोस, चुकीचा माणूस मरतो, त्याचं घर बरबाद होतं, ज्याच्याशी वैर आहे त्याला एकटा गाठ. हा सल्ला आहे! आणि पोरगा ते ऐकून थंडपणे हसतो. त्या जागी यापेक्षा चांगला सल्ला उपलब्ध नाही, ही परिस्थिती नास एकही भाषण न देता सांगून जातो. २० वर्षांच्या मुलाने हे लिहिलंय. मी तरी यापुढे काही बोलू शकत नाही.

लिरिक्सच्या साइट्सवर ओळींचे अर्थ दिलेले असतात, ते बरेचदा ऐकणाऱ्यांनीच लिहिलेले असतात, त्यामुळे स्लँगसाठी वापरा पण प्रत्येक अर्थ बरोबरच असेल असं धरून चालू नका.

तिसऱ्या वेळी फक्त बीट ऐका, नास आहे हे विसरून. त्या काळी एकाच प्रोड्युसरकडून, म्हणजे बीट बनवणाऱ्याकडून, अख्खा अल्बम करून घ्यायची पद्धत जास्त होती, इथे मात्र प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल.ई.एस. अशी वेगवेगळी मंडळी, तरी ऐकताना एकच हवा वाटते. कारण सगळे एकाच पद्धतीने काम करत होते, जुन्या रेकॉर्डमधला काही सेकंदांचा तुकडा काढायचा, गोल फिरवायचा, त्यावर ड्रम. त्या वेळच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे साठवून वाजवायच्या मशीनमध्ये, सगळं मिळून साधारण १० सेकंदच मावायचे, म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या स्पीडला पळवून भरायचे आणि मशीनमध्ये परत सावकाश करायचे, त्यातून तो खरखरीत, जाडसर आवाज यायचा. आज लोक कॉम्प्युटरवर प्लगइन लावून तोच आवाज आणतात.

मूळ गाणी ऐकलीत तर आणखी मजा. द वर्ल्ड इज युअर्सचा पियानो अहमद जमालचा आहे, १९७० च्या द अवेकनिंग अल्बममधला. शेवटचं इट एन्ट हार्ड टू टेल लागलं की ओळखीचं काहीतरी वाटेल, ते मायकल जॅक्सनचं ह्यूमन नेचर आहे. वन लव्हमधलं ते टिंबटिंब वाजणारं वाद्य म्हणजे एंबिरा, हातांच्या अंगठ्यांनी वाजवतात, ते हीथ ब्रदर्सच्या रेकॉर्डमधून आलंय. आधी मूळ गाणं लावा, मग लगेच नासचं. कुठला तुकडा घेतला आणि कुठला सोडला हे कळायला लागतं आणि प्रोड्युसर नेमकं काय करतो हा प्रश्नच उरत नाही.

आणि नाही आवडला तर? होऊ शकतं. मेलडी, मोठे कोरस यांची सवय असेल तर हा अल्बम कोरडा वाटेल, कारण इथे कोरस म्हणजे बरेचदा स्क्रॅच केलेला, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासून काढलेला, एखादा जुना आवाजच असतो. एन वाय स्टेट ऑफ माइंडमध्ये तो आवाज राकिम या आधीच्या पिढीतल्या रॅपरचा आहे. अशा वेळी जबरदस्ती करू नका, आधी अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या ग्रुपचा १९९१ चा द लो एंड थिअरी ऐका, तो जास्त मोकळा आणि हसरा आहे, मग परत या.

आवडला तर दोन वाटा आहेत. मागे जायचं असेल तर एरिक बी आणि राकिमचा पेड इन फुल, १९८७ चा, ओळीच्या पोटातली यमकं नास कोणाकडून शिकला ते तिथे कळतं. पुढे जायचं तर मॉब डीप या जोडीचा द इन्फेमस, १९९५ चा, तीच क्वीन्सब्रिज वसाहत, क्यू-टिपचा हात तिथेही लागलाय आणि एका गाण्यात खुद्द नास आहे. फक्त तो याहून बराच काळोखा आहे, तेव्हा इलमॅटिकला लागून लगेच लावू नका, मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या.