लिब्रेऑफिसमधे (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) स्पेलचेकच्या डिक्शनरीत शब्द ॲड केला तरी त्याखालची लाल रेघ जात नाही?

आधी खाली स्टेटस बारवर मजकुराची भाषा बघा. बरेचदा आपण मराठी टाइप करतो आणि तिथे हिंदी असतं, आणि तुमची डिक्शनरी मराठीसाठी बनवलेली असेल तर ती हिंदी मजकुराला लागूच होत नाही, मग कितीही वेळा ॲड करा. टूल्स, ऑप्शन्स, मग रायटिंग एड्स मधे जाऊन डिक्शनरीपुढे टिक आहे ना तेही बघून घ्या, आणि तिची भाषा 'ऑल' ठेवली की ही कटकटच मिटते.

दुसरं म्हणजे घाईत ॲड करण्याऐवजी 'इग्नोर ऑल' दाबलेलं असतं. तो शब्द प्रोग्रॅम बंद करेपर्यंतच लक्षात राहतो, उद्या परत रेघ.

पण खरा डोक्याला ताप वेगळाच. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, नुक्तावाला ऱ वापरून किंवा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडाक्षरचिन्ह (झेडडब्ल्यूजे) घालून. स्क्रीनवर डिट्टो सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द! कीबोर्ड बदलला किंवा कुठून कॉपीपेस्ट केलं की हे होतं. रेघ आलेलाच शब्द राइट क्लिक करून ॲड करा, हाताने परत टाइप करू नका.

आणि हो, 'चिपळूणकर' टाकला म्हणून 'चिपळूणकरांनी' आपोआप चालेल असं धरू नका, नेहमी लागणारी रूपं वेगळी टाका. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय.