ग्रेनाडात वादळांचा हंगाम काढताना: उभ्या बोटीची निगा आणि शेजारधर्म

कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. तेवढे दिवस शिडाच्या कितीतरी बोटी दक्षिणेला, साधारण 12 अंश उत्तर अक्षांशावरच्या ग्रेनाडात येऊन थांबतात: प्रिकली बे, हॉग आयलंड, क्लार्क्स कोर्ट बे. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी झाकतात. इथे मात्र पुष्कळ बोटी पाण्यातच, नांगरावर असतात आणि माणसंही त्यांतच राहतात. वादळ इकडे फिरकत नाही असं समजू नका. 2004 मध्ये आयव्हनने हे बेट झोडपलं, आणि 1 जुलै 2024 ला बेरिल याच देशातल्या कॅरियाकूवर आदळलं. पण वादळ टळलं तरी उभी बोट बिघडतेच, चालतीपेक्षा लवकर.

आधी नांगर. पाण्याची खोली 5 मीटर, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची 1.2 मीटर, भरतीचा अर्धा मीटर, मिळून 6.7. याच्या पाचपट म्हणजे 34 मीटर साखळी सोडायची. वारा वाढणार असेल तर सातपट, 47 मीटर. मग इंजिन हळूहळू वाढवत 1500-2000 आरपीएमला रिव्हर्स द्या आणि किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघा. रेषा सरकली तर नांगर धरलेला नाही. धरला असेल तरी गॉगल लावून एकदा खाली बघून या. साखळीचा झटका विंचवर येऊ नये म्हणून 8-10 मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला अडकवून बोटीला बांधा. तो जिथे घासतो तिथे जुन्या होजचा तुकडा चढवा. दर पंधरा दिवसांनी साखळी थोडी वर घेऊन घासा, नाहीतर शंखशिंपल्यांनी जाड झालेली साखळी निघायच्या दिवशी विंचच्या खाचांत बसत नाही.

कोमट, संथ पाण्यात तीन-चार आठवड्यांत प्रोपेलर बार्नेकलने (चिकटून बसणाऱ्या कवचाच्या बारीक समुद्री जीवांनी) भरतो. इंजिन जोर करतं, काळा धूर येतो, बोट मात्र हलत नाही. प्रोपेलर पत्र्याच्या खरवडणीने साफ करा. बुडाला तीच लावू नका. झिजत जाणारा रंग असेल तर मऊ स्पंज पुरे, कडक ब्रशने महागडा रंगच निघून जातो. शाफ्टवरचं झिंक, म्हणजे बाकीचे धातू वाचवायला स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, अर्धं उरलं की बदला. बसवण्याआधी धातू घासून चकचकीत करा आणि झिंकवर रंग लावू नका. एरवी सहा महिने पुरणारं झिंक महिन्यात संपलं तर वायरिंगमध्ये कुठेतरी वीज गळते आहे. नवं झिंक लावून गप्प बसू नका.

आता इम्पेलर. इंजिनात समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला हा रबरी पंखा. इंजिन बंद पडून राहिलं की त्याच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात आणि पुढे तुटतात. वर्षातून एकदा बदला, दोन जादा जवळ ठेवा. सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) बंद करा आणि इंजिनची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवा, म्हणजे तो उघडल्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. पंपाखाली फडकं पसरा, झाकणाचे स्क्रू हमखास बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या खोलगटात, पडतात. इम्पेलर पकडीने ओढा; स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर पंपाला ओरखडे पडतात. मग पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर ती पुढच्या नळीत किंवा हीट एक्स्चेंजरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेली असणार. ती काढल्याशिवाय झाकण लावू नका. नव्याला ग्लिसरीन किंवा भांड्यांचा साबण लावा, ग्रीस नको, रबर फुगतं. झाकण आतून झिजलेलं असेल आणि बाहेरची बाजू सपाट असेल तर उलटं करून बसवा. सीकॉक उघडा, इंजिन लावा. अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी आलं नाही तर लगेच बंद करा.

आठवड्यातून एकदा इंजिन अर्धा तास चालवा, तेही रिव्हर्स गिअरमध्ये. गिअर न टाकता, भाराशिवाय चालणारं डिझेल इंजिन नीट तापत नाही, काजळी धरतं. शिवाय नांगराचीही परीक्षा होते. सगळे सीकॉक महिन्यातून एकदा उघड-बंद करा. लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत 12.2 व्होल्टवर आली म्हणजे निम्मी संपली, त्याखाली जाऊ देऊ नका.

ही कामं सकाळी सात ते अकरा. नंतर इंजिनाशेजारी बसवत नाही. आणि अकराच्या आत कुणाच्याही बोटीवर गप्पा मारायला जाऊ नये. इथे माणसाला बोटीच्या नावाने ओळखतात. रेडिओवर चॅनल 16 वर बोटीचं नाव पुकारा, उत्तर आलं की लगेच 68 किंवा 72 वर जा. तिथलं बोलणंही अख्खी खाडी ऐकते, तेव्हा कुणाची उणीदुणी नकोत. डिंगीने (बोटीसोबतच्या छोट्या होडीने) गेलात तर थोडं लांबूनच हाक मारा. थेट बोटीला चिकटून ठकठक करणं म्हणजे न विचारता ओसरीवर चढणं. नांगरलेल्या बोटींमधून डिंगी सुसाट नेऊ नका, कुणीतरी डोलकाठीवर चढलेलं असतं. नंतर आलेल्याची बोट दुसऱ्याच्या जवळ झुलत असेल तर हलायचं त्यानेच.

सुट्या भागांचं दुकान बंद असेल तेव्हा शेजारीच दुकान. अवजार नेलं तर त्याच दिवशी, पुसून परत. एकुलता एक जादा इम्पेलर मात्र देऊ नये, कितीही गोड बोललं तरी. कुणी मदत केली तर जेवायला बोलवा. पैसे घेऊन दुसऱ्याची बोट दुरुस्त करायला पाहुण्या खलाशाला परवाना लागतो. स्थानिक मेकॅनिकला मात्र ठरलेले पैसे वेळेवर द्या, घासाघीस नको.

संध्याकाळच्या बैठकीला आपलं पेय, आपला पेला आणि वाटून खायचा एक पदार्थ न्यावा, चपला डिंगीतच. चिवडा चालतो, पण ग्रेनाडा जायफळाचं बेट आहे, सेंट जॉर्जेसच्या बाजारात ते ताजं मिळतं. दही बांधायला जागा आणि फ्रिजला वीज असेल तर श्रीखंड करा.

पाहुणे तुमच्याकडे येणार असतील तर आधी संडासाचा पंप दाखवा: कागद टाकायचा नाही, नंतर वीस वेळा पंप मारायचा. कमी मारला तर मैला नळीतच राहतो, खाऱ्या पाण्याने आत चुना साचतो आणि नळी बोटाएवढी अरुंद होते. आठवड्याला कपभर व्हिनेगर रात्रभर नळीत राहू द्या. तुंबलीच तर ती उघडायचं काम यजमानाचं, पाहुणे गेल्यावर.